किल्ल्याला मागची बाजू नसते

चित्रकलेच्या वहीची मधली दोन पानं होती ती, स्टेपलच्या पिना उचकटून काढलेली. पिनांची भोकं नेमकी महादरवाज्यावर आली होती, तर भाच्याने त्यांच्याभोवती काळे ठिपके काढून त्यांचे खिळे करून टाकले होते. "हत्तीने धडक मारू नये म्हणून असतात ते," त्याने सांगितलं. मला बोलायला जागाच ठेवली नाही.

किल्ला मोठा झोकात काढला होता. समोर तटबंदी, दोन्ही टोकांना बुरूज, मधे दरवाजा, त्यामागे वर वर चढत गेलेला डोंगर, माथ्यावर सिंहासन आणि सिंहासनावर महाराज. महाराज दरवाज्याच्या दुप्पट उंच. उजवीकडे तळं, ते वरून बघितल्यासारखं गोल. तळ्यातले मासे मात्र बाजूने. पायऱ्या शिडीसारख्या सरळ उभ्या. आणि डोंगराच्या पोटातून जाणारं भुयार, आतलं सगळं दिसणारं, त्यात मशाल घेऊन निघालेला एकटा मावळा.

"मावशी, याचं थ्रीडी कर. पण आत फिरता आलं पाहिजे."

या मागणीला कारण होतं. ताईच्या सोसायटीने यंदा पार्किंगमध्ये माती आणायला बंदी घातली. गेल्या दिवाळीनंतर कुठलासा पाइप तुंबला होता, त्याचं खापर पोरांच्या किल्ल्यावर फुटलं. लिफ्टमध्ये नोटीस लागली. पोराने दोन दिवस तोंड पाडलं, तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं की आपली मावशी कंप्युटरवर घरं बांधते.

बांधते म्हणजे काय, तर बिल्डरांच्या ब्रोशरसाठी वॉकथ्रू करते. पाया खणला नाही अशा इमारती, लावली नाहीत अशी झाडं, त्या झाडांखाली जॉगिंग करणारी कुणाचीच नसलेली माणसं. आर्किटेक्टचा प्लॅन येतो, मी त्याला उंची देते, काचा लावते, संध्याकाळचं ऊन पाडते. अठरा वर्षं हेच चाललंय. तेव्हा स्केचपेनच्या किल्ल्याला फार तर दोन संध्याकाळी लागतील असा माझा हिशेब होता. तीन आठवडे लागले.

पहिली संध्याकाळ बरी गेली. चित्राचा मोबाइलवर फोटो काढला. दोनदा माझ्याच हाताची सावली पडली, शेवटी गॅलरीत नेऊन काढला. ब्लेंडर नावाचा थ्रीडीचा प्रोग्राम उघडला, समोरच्या व्ह्यूमध्ये तो फोटो पडद्यासारखा मागे लावला आणि त्यावरून गिरवायला बसले. शाळेत बटर पेपर ठेवून नकाशे गिरवायचो, तसंच. तटबंदीच्या रेषेवर एकेक बिंदू ठेवत जायचं. साखळी पुरी झाली की तिचं एक पान बनवायचं, पातळ, कागदासारखं. मग ते पान ओढलं की त्याला जाडी येते. पुस्तकात याला एक्स्ट्रूड म्हणतात, आमच्या ऑफिसात 'ओढ' म्हणतात. "ती भिंत नऊ इंच ओढ." बुरजासाठी तयार नळकांडं घेतलं, वरच्या बाजूला जरा आवळलं. भाचा शेजारी स्टुलावर बसून चहात बिस्किट बुडवत होता आणि कंगोरे मोजत होता. चित्रात अकरा आहेत, तू दहाच केलेस. अकरावा केला.

मग मी व्ह्यू फिरवला आणि किल्ल्याच्या मागे गेले. मागे काहीच नव्हतं.

"मागे काय आहे रे?"

"कशाच्या मागे?"

"किल्ल्याच्या."

"मागे भिंत आहे ना."

"कसली भिंत?"

"पार्किंगची," तो म्हणाला. मावशीला साधं एवढंही कळत नाही, असा चेहरा.

खरंच होतं त्याचं. दिवाळीतला किल्ला भिंतीला टेकवूनच करतात. आधी दगडविटांची चवड भिंतीला लावायची, तिच्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट पसरायचं, वरून माती थापायची. भिंत नसेल तर चवड बसते. मग अळीव आणि मोहरी पेरायची, तळ्याला फुटक्या आरशाचा तुकडा, भुयाराला पत्र्याचा डबा. आमच्या लहानपणी हे सगळं वाड्यातल्या न्हाणीघराच्या भिंतीला व्हायचं, आणि सांडपाण्याची मोरी हाच खंदक असायचा. मी आयुष्यात शेकडो किल्ले बघितले असतील, मातीचे, बक्षीस मिळालेले, कारंजी उडवणारे. एकाचीही मागची बाजू आठवत नाही. आठवणार कशी, होतीच कुठे? तो अर्धा डोंगर असतो.

कागदाचं तरी दुसरं काय असतं? कागदावरच्या बिंदूला दोन आकडे असतात, किती आडवा आणि किती उभा. बघणाऱ्यापासून किती लांब, हा तिसरा आकडा काढता काढताच गळून पडतो, आणि एकदा गळला की कागदात कितीही शोधा, सापडायचा नाही. तो बघणाराच आपल्या पदरचा घालतो. लुई आल्बर्ट नेकर नावाचा एक स्विस स्फटिकतज्ज्ञ होता. स्फटिकांची रेखाचित्रं बघता बघता त्याच्या लक्षात आलं की ती आपोआप पालटतात: पुढची बाजू मागे जाते, मागची पुढे येते, कागदावर काडीचाही फरक न होता. १८३२ मध्ये त्याने हे लिहून ठेवलं. दोन चौकोन एकमेकांवर सरकवून कोपरे जोडले की होणारं ते खोकं आपण सगळ्यांनीच गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर काढलेलं आहे.

डिप्लोमाला असताना मला ड्रॉइंगच्या तासाला एक रेषा फार आवडायची. तुटक रेषा. वस्तूची जी कडा अस्तित्वात आहे पण या बाजूने दिसत नाही, ती तुटक रेषेने दाखवायची. हिडन लाइन. बाकीच्या रेषा ठणकावून बोलायच्या, ही हळूच सांगायची: आहे बरं का, इथून दिसत नाही इतकंच. पेन्सिल सारख्या दाबाने उचलत टेकवत न्यायची, तुकडे सगळे सारखे आले पाहिजेत. सर पट्टी लावून मोजायचे. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, तिच्यात समोरून दिसणारं चित्र वर आणि वरून दिसणारं चित्र त्याच्या खाली येतं. पहिले सहा महिने हे डोक्यात शिरत नाही. एकदा शिरलं की मग बसच्या सीटपासून भाकरीच्या परातीपर्यंत सगळ्याचे तीन व्ह्यू दिसायला लागतात, आणि तो रोग मग कधीच बरा होत नाही.

भाच्याच्या चित्राला सरांनी शून्य दिलं असतं. तळं वरून, मासे बाजूने, भुयार पोट कापून. म्हणजे प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन, तिन्ही एकाच कागदावर, रेघ न मारता. पण मोडीत नावं लिहिलेले जुने हाताने काढलेले नकाशे बघा, तिथेही नदी वरून वाहते आणि किल्ला समोर उभा असतो. ज्या गोष्टीचं जे बघण्यासारखं आहे, ते तिच्यातलं दाखवायचं. मासा वरून काढला तर तो मासा आहे हे कुणाला कळणार?

कंप्युटरला मात्र हे चालत नाही. तो सरांच्या बाजूचा.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या तरुणाने पीएचडीसाठी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम केला. लिंकन लॅबोरेटरीत टीएक्स-२ नावाचं अवाढव्य यंत्र होतं, त्याच्या पडद्यावर तो लाइट पेनने रेषा काढायचा. हात हलला, रेषा वाकडी आली तरी बिघडत नसे. या दोन समांतर, हा काटकोन, असं यंत्राला सांगायचं. यंत्र रेषा ओढूनताणून जागेवर बसवायचं. त्याच वर्षी तिथल्याच टिमथी जॉन्सनने या प्रोग्रामला तिसरी मिती दिली. पडद्याचे चार भाग: एकात समोरून, एकात वरून, एकात बाजूने आणि एकात तिरपं. एका भागात रेषा काढली की इतरांत ती आपापल्या जागी उमटते. मी रोज सकाळी ऑफिसात चहा ठेवते त्याच्या शेजारी जो पडदा असतो, त्याचे चार भाग हेच आहेत. बाकी सगळं बदललं, रंग आले, सावल्या आल्या, ते चार चौकोन तसेच आहेत. सर बघतील तर खूश होतील.

सदरलँड तिथे थांबला नाही. १९६८ मध्ये त्याने डोक्यावर चढवायचा पडदा केला. मान वळवली की समोरचं चित्र त्या हिशेबाने वळायचं. आजच्या व्हीआर हेडसेटचा खापरपणजोबाच. मान कुठे वळली हे मोजणारा दांडा छताला टांगलेला होता आणि बघणारा त्याच्या टोकाला जखडल्यासारखा. दिसायचं काय, तर हवेत तरंगणारी तारांची खोकी आणि तारांचीच एक खोली. तारांची, कारण पुढच्या भिंतीने मागचं झाकलं जाण्याचा हिशेब तितक्या झटपट करणं त्या यंत्राच्या आवाक्यात नव्हतं. मागची बाजू होती, ती लपवता येत नव्हती. भाच्याच्या भुयारासारखंच.

आता पायऱ्या. माझा एक पूर्ण रविवार पायऱ्यांनी खाल्ला. चित्रात त्या तीन ठिकाणी मोडतात, आणि प्रत्येक मोडीवर दोन-तीन रेषा एका बिंदूत येऊन मिळतात. तो कोपरा बाहेर आलाय की आत गेलाय, हे माझं मलाच ठरवता येईना. दुपारपर्यंत पायरी होती, चहानंतर खाच झाली.

हा प्रश्नही जुना आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हफमन आणि इंग्लंडमध्ये मॅक्स क्लोज, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्र तो सोडवला. (हफमन म्हणजे तोच, ज्याच्या नावाचं कोडिंग आपल्या जेपेग फोटोंत वापरतात. कागदाला वक्र घड्या घालून आकार करण्याचाही त्याला नाद होता. असा माणूस शेजारी राहायला हवा.) त्यांनी काय केलं, प्रत्येक रेषेला चारपैकी एक खूण दिली. बाहेर आलेली कडा म्हणजे अधिक, आत गेलेली म्हणजे उणे, आणि जिथे वस्तू संपते ती कड, हिला दोन दिशांचे दोन बाण. मग मोजलं. दोन किंवा तीन रेषा मिळतात अशा बिंदूंवर या खुणा कागदावर २०८ प्रकारांनी मांडता येतात. पण जिच्या कोपऱ्यांवर तीनच सपाट बाजू मिळतात अशी खरी घन वस्तू घेतली, तर तिच्यात त्यांतले फक्त १८ प्रकार येऊ शकतात. एका कोपऱ्याला खूण दिली की तीच रेषा पुढच्या कोपऱ्यात जाते, तिथले पर्याय कमी होतात, असं करत करत चित्र स्वतःच स्वतःला सोडवत जातं. सुडोकूसारखं.

म्हणजे उरलेल्या १९० जातींचे कोपरे या जगात नाहीत. त्यांतले चार-पाच भाच्याच्या पायऱ्यांत होते. मी त्याला समजावून सांगितलं की बाबा, अशी पायरी बांधताच येत नाही. तो म्हणाला, "म्हणून तर कंप्युटरवर करायचंय ना."

महाराजांचं आणि मावळ्यांचं काय करायचं हा वेगळा घोर होता. तटबंदी सपाट असते, ओढली की झाली. माणूस ओढला तर बिस्किट होतं. यावर सगळ्यात गोड उत्तर १९९९ मध्ये जपानमध्ये मिळालं. टाकेओ इगाराशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'टेडी' नावाचा प्रोग्राम केला. एका झटक्यात बाह्यरेषा काढायची, म्हणजे अस्वलाचं अंग, आणि ती बंद केली की चित्र फुगतं. नियम एकच: आकार जिथे रुंद, तिथे तो जाड, जिथे अरुंद, तिथे बारीक. प्रोग्राम आकाराच्या आत त्याचा कणा शोधतो आणि कड कण्यापासून जितकी दूर तितका कणा वर उचलतो. मागच्या बाजूचं काय? मागे पुढच्यासारखंच. दोन्हीकडून सारखं फुगवायचं. कणकेच्या गोळ्याला पाठपोट नसतं, तसं. अनेक खरे आकार ढोबळपणे असेच असतात म्हणून हे खपून जातं: बटाटा, हत्तीचा पाय, बाळाचा हात.

हल्ली मॉन्स्टर मॅश म्हणून वेबवर फुकट मिळणारा याच वंशातला एक प्रोग्राम आहे. त्यात आम्ही मशालवाला मावळा गिरवला. तो असा टम्म फुगून वर आला की तळणीतली पुरी. तलवार अरुंद म्हणून तिची वात झाली, पागोट्याचा भोपळा, आणि पोट चित्रात जरा रुंद आल्यामुळे स्वारी चांगलीच खात्यापित्या घरची दिसायला लागली. तरी भाच्याला तो पसंत पडला. कुंभारवाड्यातले मातीचे मावळेही असेच जाडजूड असतात, आणि त्यांनाही पाठ म्हणून साच्यातला एक गुळगुळीत फुगवटाच असतो.

महाराजांच्या बाबतीत मात्र त्याने नकार दिला. महाराज फुगवायचे नाहीत. ते मी हाताने केले, चार रात्री जागून, बाजूने कसे दिसतात हे त्याच्याकडून वेगळं चित्र काढून घेऊन.

मधल्या काळात मी एक चोरटा प्रयोग केला. तो झोपल्यावर चित्राचा फोटो एका एआयवाल्या सेवेला दिला: याचं थ्रीडी करून दे. दोनेक मिनिटांत आलं. समोरून बघितलं आणि मला धस्सच झालं, म्हटलं आता माझं काम संपलं. दगडांना पोत, दरवाज्याला लाकडाच्या रेषा, सगळं. मग फिरवून बघितलं. बुरजांवर लाल शंकूच्या टोप्या चढल्या होत्या, जशा परीकथेतल्या युरोपियन किल्ल्यांना असतात. त्याने शिकताना बघितलेले किल्ले बहुतेक तसलेच असणार. आणि मागे? मागे पुन्हा महादरवाजा. तेच खिळे, तेच काळे ठिपके.

हा दोष ओळखीचा आहे. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी शब्दांवरून थ्रीडी वस्तू बनवणारं 'ड्रीमफ्यूजन' काढलं, तेव्हापासून त्याला नावही आहे: जेनसची अडचण. जेनस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव. खार बनवायला सांगितली तर पुढेही तोंड, मागेही तोंड. शिकवायला वापरलेल्या फोटोंत वस्तू बहुतेक समोरून टिपलेल्या असतात, तेव्हा कुठूनही बघा, यंत्राला समोरचंच बरोबर वाटतं. त्यानंतरची यंत्रं आणखी पुढे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडने जिनी-२ दाखवलं, एका चित्रावरून चालता-फिरता येईल असं जग बनवणारं. तुम्ही वळाल तसं ते पुढचं जग चितारत जायचं आणि जास्तीत जास्त मिनिटभर सांभाळायचं. म्हणजे पाठीमागे वळून बघेपर्यंत पाठीमागे काही नसतंच.

मला घारापुरी आठवली. शाळेच्या सहलीत बघितलेला तो सदाशिव, माणसाच्या तिप्पट उंच, तीन तोंडांचा. गाइडने सांगितलं की चौथं तोंड मागे आहे. आम्ही पोरं लगेच मागे जायला निघालो. मागे जायला वाटच नव्हती. मूर्तीची पाठ म्हणजे अख्खा डोंगर. चौथं तोंड कुणी कोरलेलं नाही, ते तिथे आहे एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्राला विचारलं असतं तर त्याने तिथे पाचवं, सहावंही दिलं असतं, हुबेहूब पहिल्यासारखं.

तो किल्ला मी भाच्याला दाखवलाच नाही. डिलीट केला. मत्सर म्हणा हवं तर. पण मला त्या मागच्या दरवाज्याचा राग आला होता. समोर मुलगा झोपलेला आहे, ज्याचा किल्ला आहे तो. माहीत नसेल तर सकाळी विचारायचं ना त्याला.

दुसऱ्या आठवड्यात मी सगळं गेम इंजिनात, म्हणजे व्हिडिओ गेम ज्यावर चालतात त्या प्रोग्रामात, घातलं आणि कीबोर्ड त्याच्या हातात दिला. बाणांच्या कळांनी चाल. तो दरवाज्यातून आत गेला, पायऱ्या चढला (एका ठिकाणी तरंगला, तिथे १९० वाल्यांपैकी एक होता), आणि मग मी नको नको म्हणत असताना तटबंदीला वळसा घालून मागे गेला.

"मावशी! किल्ला गायब!"

झालं होतं असं की मी तटबंदीला नऊ इंच ओढलं होतं, पण मागच्या डोंगराचा उतार म्हणजे नुसतं एक पान होतं, जाडी नसलेलं. अशा पानाला तोंड आणि पाठ असते. पाठ सहसा वस्तूच्या आत लपते, ती कोण बघणार, असं धरून इंजिन ती रंगवतच नाही. वेळ वाचतो. समोरून डोंगर, मागे गेलात की डोंगर नाही, थेट महाराजांच्या सिंहासनाचे पाय आणि भुयाराचा डबा. पोरगं हरखून गेलं. दहा मिनिटं नुसतं पुढे-मागे, आहे-नाही, आहे-नाही. मी मनात शरमले होते, ऑफिसात ज्युनियरने असं केलं असतं तर मी बोलले असते त्याला.

मग तो एकदम थांबला.

"पण मग तानाजी कुठून येणार?"

चौथीच्या इतिहासात झालेलं होतं त्याचं. ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा, डोणागिरीचा कडा. दरवाज्यावर पहारा, आणि कड्याकडे कुणाचं लक्ष नाही, कारण तिकडून कोण येणार? रायगडाची हिरकणीची गोष्टही तीच, फक्त उलट्या दिशेची: दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने ती मागचा कडा उतरली, आणि मग महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. आपल्या निम्म्या किल्ल्यांच्या गोष्टी मागच्या बाजूला घडलेल्या. आणि आपण दर दिवाळीला ती भिंतीला टेकवून ठेवतो.

"मग काढ मागची बाजू," मी म्हटलं.

मी नवा कागद शोधायला उठले. परत येते तो त्याने तोच कागद पालथा घातला होता. स्केचपेनची शाई पलीकडे फुटली होती, महादरवाजा फिक्या उलट्या रेषांत दिसत होता. कागद गॅलरीच्या काचेला लावून, उजेडात, त्याने डोंगराची बाह्यरेषा मागून गिरवली. बरोब्बर तीच रेषा, डावीची उजवीकडे. जे मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर लावून शिकले, ते हा काचेला नाक लावून करत होता. मी काही बोलले नाही.

आत त्याने कडा भरला. उभ्या रेघोट्या, दोर, दोरावर सहा मावळे, सगळ्यांत वर घोरपड. आणि खाली, कड्याच्या पायथ्याशी, पाण्याचा मीटर आणि एक सायकल.

"ही कुणाची?"

"वॉचमन काकांची. ते तिथेच लावतात." आणि मग, समजूत घातल्यासारखं, "किल्ला पार्किंगमध्ये आहे ना, मावशी."

हे मला कधी सुचलं नसतं. मी त्या किल्ल्याखाली सह्याद्री पसरायच्या बेतात होते, ढगबिग. त्याला पार्किंग हवं होतं. तेव्हा आम्ही किल्ला भिंतीपासून दोन हात पुढे ओढला, तानाजीपुरती बोळ ठेवली, आणि मागे पार्किंगची भिंत बांधली, पोपडे धरलेली, १०२ नंबरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट. मग प्रश्न आला, फिरणारा किती उंच? ऑफिसात आमचा कॅमेरा साडेपाच फुटांवर असतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या उंचीला. भाचा म्हणाला, "मावळ्याएवढा." मावळा तीन इंचाचा. मी कॅमेरा अडीच इंचांवर आणला.

आणि तिथून बघितल्यावर मला इतक्या वर्षांनी कळलं की मुलं किल्ल्यासमोर पोटावर पालथी का पडतात. मोहरीचे कोंब सुपारीच्या बागेसारखे उंच. आरशाच्या तुकड्याचं तळं पलीकडचा काठ न दिसणारं. पणती म्हणजे दगडी हौद, तिची ज्योत दोन मजली. मागे वळून बघावं तर पार्किंगची भिंत आभाळात गेलेली, आणि बोळात काकांच्या सायकलचं चाक जत्रेतल्या पाळण्यासारखं उभं.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी लॅपटॉप पार्किंगमध्ये नेला. १०२ नंबरच्या जागेत, खुर्चीवर. पोरांनी गराडा घातला. तानाजीला कड्यावरून पाडायची चढाओढ लागली, महाराजांकडे कुणी फारसं बघितलं नाही. माझ्या चार रात्री. वॉचमन काका लांबून बघत होते, त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून घातला, वाकले, बोळात शिरलेल्या मावळ्याबरोबर थोडं चालले.

"ताई, ही आपली सायकल?"

"हो ना. याने काढलीय."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चेन उजव्या अंगाला असते हो. ही डावीकडे लावलीय."

बरोबर होतं. मागच्या बाजूचा फोटो मी समोरच्या व्ह्यूत लावला होता, उलटायचा राहिला. कड्याला कुणी उलटसुलट विचारत नाही, सायकल मात्र लगेच पकडली गेली. तिथल्या तिथे, पोरांच्या गलक्यात, मी सायकल आडवी आरशासारखी उलटवली. चेन उजवीकडे गेली असणार. पण असं उलटवलं की पानांची तोंडं आत आणि पाठी बाहेर जातात, हे त्या घाईत ध्यानात राहिलं नाही. पडद्यावर बोळ, मीटर, भिंत, सगळं जागच्या जागी होतं. सायकलच्या ठिकाणी उरले होते घंटीच्या आतल्या बाजूचे दोन-चार तुकडे.

"काका," भाचा ओरडला, "तुमची सायकल चोरली!"

आणि काकांनी खरोखरच मागे वळून बघितलं.